रविवारची रेकॉर्ड-बैठक, इंदूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आमच्या रामबागेतल्या घरी रेकॉर्डी वाजतात. नवीन येणारी मंडळी फोनवर आणि दारात साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

बैठकीत नेमकं काय होतं?

आम्ही बसतो आणि ऐकतो. चार वाजता सुरुवात, दिवेलागणीच्या सुमारास शेवट. ज्याची पाळी असेल तो रेकॉर्ड निवडतो, ती का आणली हे दोन वाक्यांत सांगतो आणि सुई ठेवतो. रेकॉर्ड फिरत असताना बोलायचं नाही, मोबाइल बंद. बाजू संपली की हवं तितकं बोला, भांडासुद्धा. समोर बसून गाणारं कोणी नसतं, त्यामुळे मैफल म्हणून येऊ नका.

एकाच दुपारी अमीर खाँसाहेबांचं शास्त्रीय गाणं आणि किशोरकुमारचं चित्रपटगीत? हे कसं जमतं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ज्यांच्या घरी तंबोरा आहे ते विचारतात आणि ज्यांच्या घरी फक्त रेडिओ होता तेही विचारतात. दोघांच्याही आवाजात थोडी नाराजी असते.

मी त्यांना १९५२ सालाबद्दल सांगतो. त्या वर्षी 'बैजू बावरा' आला. नौशाद यांनी त्यातल्या जुगलबंदीसाठी अमीर खाँ आणि दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांना समोरासमोर बसवलं. पलुस्कर १९५५ साली गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. ज्यांना त्यांची मैफल कधी लाभली नाही, अशा असंख्य माणसांच्या कानात त्यांचा आवाज राहिला तो या जुगलबंदीमुळे. खाँसाहेब पुढेही चित्रपटासाठी गायले. 'झनक झनक पायल बाजे'चं शीर्षकगीत त्यांचं, 'गूंज उठी शहनाई'मध्ये बिस्मिल्ला खाँच्या शहनाईबरोबर त्यांचा आवाज आहे. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, तर आपण त्यांच्या वतीने कशाला वाटून घ्यायचा?

आता त्याच १९५२ ची दुसरी बाजू. माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपलेच मराठी गृहस्थ, अभिजात संगीतावर जिवापाड प्रेम. त्यांच्या काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शेकडो गवयांना आणि वादकांना रेडिओवर काम मिळालं. त्यांच्याच धोरणामुळे चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावलं. वर्ष संपता संपता तिथे अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या नावे लिहिली गेली. १९५७ साली विविध भारती सुरू करून आकाशवाणीने गेलेला श्रोता परत बोलावला. पण मधल्या पाच वर्षांत घराघरांत दोन रेडिओ तयार झाले होते, एक आजोबांचा आणि एक मुलांचा. केसकरांबद्दल मला आदर आहे. ती भिंत मात्र दोन्ही बाजूंना महागात पडली असं माझं ठाम मत आहे, आणि आमची बैठक त्या भिंतीतली एक वीट काढण्यासाठी आहे.

आमचा एक आवडता क्रम सांगतो. आधी खाँसाहेबांचा मारवा राग. मग दहा मिनिटं चहा. मग किशोरचं एखादं संथ, खालच्या पट्टीतलं गाणं. गाणं शिकायला किशोर कोणाकडे बसला नव्हता आणि खाँसाहेबांनी आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, पण आवाज न चढवता माणसाला जागच्या जागी बसवण्याची विद्या दोघांकडे आहे. हे वाचून पटणार नाही. एकदा त्या क्रमाने ऐका.

मला शास्त्रीय काही कळत नाही. आलो तर चालेल?

चालेल. राग ओळखण्याची परीक्षा आमच्याकडे नाही, आणि जो मोठ्याने राग ओळखून दाखवतो त्याला मी थोडं थांबायला सांगतो.

या सगळ्याशी इंदूरचा काय संबंध? खरं गाणं तर पुण्या-मुंबईत.

हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण विचारणारे बहुतेक वेळा इंदूरचेच असतात.

होळकरांच्या दरबारात नाना पानसे होते. मूळचे वाईजवळच्या बावधनचे. पखवाजाची एक सबंध परंपरा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. इथेच बंदे अली खाँ बीनकार होते (बीन म्हणजे रुद्रवीणा), ज्यांच्या बीनेची छाया किराणा घराण्याच्या गायकीवर पडली असं जाणकार सांगतात. पण बंदे अली खाँ १८९५ साली गेले आणि आपल्याकडे कलकत्त्याला ध्वनिमुद्रणाचं यंत्र आलं १९०२ साली. सात वर्षं! तेवढ्या फरकाने ती बीन कायमची मुकी झाली. त्याच १९०२ च्या नोव्हेंबरात गौहरजान यंत्राच्या कर्ण्यासमोर उभी राहिली, गाणं संपल्यावर तबकडीवर आपलं नाव पुकारलं आणि घराघरांत पोचली. दोघांपैकी मोठं कोण, याचा निवाडा कोणी करू शकणार नाही. एकाला यंत्र मिळालं आणि दुसऱ्याला नाही, इतकंच झालं. लोकप्रिय कोण आणि मोजक्यांचा लाडका कोण, या प्रश्नाच्या मुळाशी पुष्कळदा असाच योगायोग असतो. बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

देवासचे गायक रजब अली खाँ यांनी बंदे अली खाँकडून बीनेची तालीम घेतली होती. ते १९५९ पर्यंत होते, १९५४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या तानेचा झपाटा असा की ऐकणारा आपला श्वास रोखून धरतो. त्यांचं उपलब्ध ध्वनिमुद्रण अगदी थोडं आहे. जे आहे ते आम्ही वर्षातून एकदा वाजवतो आणि पुन्हा वाजवतो.

आणि अमीर खाँ. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगिये, म्हणून मुलाचं बालपण इंदुरात. आधी सारंगी, मग गळा. घरात गवयांची ये-जा. वडिलांकडून मेरुखंडाची शिस्त, म्हणजे त्याच चार स्वरांच्या जागा बदलत शक्य तितकी वळणं काढण्याचा रियाझ. रजब अलींची तान, अब्दुल वहीद खाँची संथ बढत (रागाचा हळूहळू विस्तार), भेंडीबाजारच्या अमान अली खाँची सरगम, हे सगळं त्यांनी कानाने घेतलं आणि स्वतःचं केलं. त्याला आज लोक इंदूर घराणं म्हणतात. गावाच्या नावाने घराणं ओळखलं जावं, यापेक्षा गावाने आणखी काय मागायचं?

अमीर खाँ फारच संथ वाटतात. कुठून सुरुवात करू?

१९६० साली निघालेल्या त्यांच्या लाँगप्ले रेकॉर्डपासून. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. ऊन उतरताना मारवा लावा आणि दिवा लावू नका. या रागात पंचम नाही, रिषभ कोमल आणि षड्ज वारंवार टाळलेला, त्यामुळे घर दिसतं पण दार सापडत नाही अशी मनाची अवस्था होते. त्यांचा विलंबित ख्याल बहुधा झुमरा तालात असतो, चौदा मात्रांचा, आणि तबलजीला साधा ठेका धरायला सांगितलेलं असतं. मात्रा मोजू नका, हरवाल. पहिली पाच मिनिटं काही घडत नाही असं वाटेल. सहाव्या मिनिटाला तुमचा श्वास त्यांच्या लयीला लागलेला असेल.

तेवढा धीर नसेल तर तराणा ऐका. तराण्यातले बोल निरर्थक नाहीत, त्यामागे फारसी शब्द आहेत, हे त्यांनी अभ्यासाने मांडलं आणि तराण्यात रुबाई गुंफून गायली.

१३ फेब्रुवारी १९७४ ला कलकत्त्यात मोटार अपघातात ते गेले. आमची फेब्रुवारीची बैठक त्यांचीच. त्या दिवशी दुसरं काही वाजत नाही.

कुमारजींना, म्हणजे कुमार गंधर्वांना, तुम्ही 'आपले' म्हणता. ते तर बेळगावकडचे ना?

जन्म बेळगावजवळ सुळेभावीचा, तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे. पण आजच्या कुमारजींना घडवलं माळव्याने. १९४८ च्या जानेवारीअखेर ते क्षय घेऊन देवासला आले, कोरड्या हवेसाठी. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. अंथरुणावर पडून ते ऐकत राहिले: गल्लीतून जाणाऱ्या बायकांची गाणी, दारावर येणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी पदं. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, जीव वाचला, पण एक फुप्फुस निकामी झालं ते झालंच. पाच-सहा वर्षांनी पुन्हा गायला लागले तेव्हा दमसासावर उभी राहणारी जुनी रीत शक्यच नव्हती. मग आखूड, धारदार, अचानक सुटणारे स्वर आले. मधे मोकळी सोडलेली जागा आली.

त्या आजारपणात ऐकलेल्या लोकधुनांतून पुढे त्यांनी राग बांधले, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी. १९६५ साली 'अनूपरागविलास' आलं. त्याच वर्षी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रमही झाला. एकाच वर्षी नव्या रागांचं पुस्तक आणि नाट्यगीतांना दंडवत! बालगंधर्व म्हणजे त्या काळातली लोकप्रियतेची सीमा. त्यांना कुमारजींनी अभ्यासाचा विषय केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कुमारजींचं गाणं न पटणारे श्रोते आमच्यातही आहेत. एक काका तर प्रत्येक वेळी मान हलवतात. तरी येतात आणि शेवटपर्यंत बसतात. देवास इथून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी कुमारजींचं घर 'भानुकुल' आहे. रस्त्यावरून जाताना निदान वेग कमी करा.

लतादीदींचा जन्म इंदूरचा, हे खरं का?

खरं. २८ सप्टेंबर १९२९, शीख मोहल्ला. किशोर जन्मला त्याच वर्षी ४ ऑगस्टला, खंडव्यात. पंचावन्न दिवसांचं अंतर आणि घाट उतरून गेलं की सव्वाशे-दीडशे किलोमीटरची वाट. किशोर पुढे इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकायलाही होता. मध्य प्रदेश सरकारने १९८४ पासून दीदींच्या नावाने पुरस्कार सुरू केला, पहिला नौशाद यांना, दुसऱ्या वर्षी किशोरला.

दीदींबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी इथे जास्त लिहीत नाही. बैठकीत आम्ही त्यांची चित्रपटबाह्य मराठी गाणी जास्त वाजवतो. त्यातही भा. रा. तांबे यांच्या कविता, बहुतेक वसंत प्रभूंच्या चालीत. तांबे आपल्याच मुलखातले. जन्म ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा, उमेदीची वर्षं देवासला, अखेरीस ग्वाल्हेरचे राजकवी. कविता लिहितानाच त्यांच्या मनात राग वाजत असे. पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर बसून मराठी भावगीताची जमीन त्यांनी नांगरून ठेवली आणि दीदींच्या आवाजाने ते पीक घरोघरी गेलं. कुमारजींनीही 'तांबे गीत रजनी' केली होती. त्यामुळे तांबे, दीदी आणि कुमारजी असा एक रविवार आपोआप जुळून येतो, आणि त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते.

तुमचा तो 'हट्टी खोका' काय आहे?

लोखंडी पेटी आहे. तिच्यात अशा रेकॉर्डी, कॅसेटी आणि सीडी ठेवल्या आहेत ज्यांना श्रोते थोडे मिळाले, पण जे मिळाले ते सुटले नाहीत.

चरणजितसिंग यांची १९८२ ची रेकॉर्ड घ्या. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवणारा हा माणूस. त्याने त्या वेळी नवीन आलेली रोलँडची यंत्रं घेतली आणि त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातली मंडळी थक्क झाली, कारण हाच नाद शिकागोत काही वर्षांनी स्वतंत्रपणे जन्मला होता आणि त्याला तिकडे ॲसिड हाउस म्हणत. पहिल्यांदा आम्ही ती वाजवली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "भैरव आहे हो, फक्त कपडे वेगळे घातलेत." याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

प्रह्लादसिंग टिपानिया. उज्जैनजवळच्या लुनियाखेडीचे, एके काळचे शाळामास्तर, हातात तंबूर, माळवी बोलीत कबीर. गावोगावच्या सत्संगात त्यांना हजारो लोक ऐकतात, २०११ साली पद्मश्रीही मिळाली, आणि तरी शहरातल्या अनेक संगीतप्रेमी घरांत त्यांचं नाव माहीत नसतं. त्यांना लोकप्रिय म्हणायचं की मोजक्यांचे? तुम्ही कोणत्या रस्त्यावर उभे आहात त्यावर ते ठरतं.

इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा 'कंदिसा' हा अल्बम, सन २०००. त्यात नर्मदेचं एक गाणं आहे. राहुल राम नर्मदा आंदोलनात काम करत होता, तिथून ते बँडमध्ये आलं. आमच्या घरची नळाची तोटी सोडली की नर्मदेचंच पाणी येतं. त्यामुळे हे गाणं इंदुरात ऐकणं निराळं आहे.

आणि केसरबाई केरकर. जिवंतपणी रेकॉर्डींबद्दल फार काटेकोर, रेडिओपासून दूर, मैफलीच्या राणी. त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. दोहोंपैकी नंतर सुटलेलं यान ५ सप्टेंबरला उडालं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ती भैरवी आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे आहे. हे सांगितल्यावर आमच्याकडे ती नेहमी दोनदा वाजवावी लागते.

पंचम, म्हणजे आर. डी. बर्मन, वाजवत नाही का?

वाजवतो, फेब्रुवारी सोडून दर वेळी! जानेवारीची बैठक त्याचीच असते. ४ जानेवारी १९९४ ला तो गेला, आणि ज्या चित्रपटाच्या गाण्यांमुळे लोकांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं तो '१९४२ : अ लव्ह स्टोरी' त्याच वर्षी जुलैत लागला. त्याला ते बघायला मिळालं नाही, हे मला अजून सहन होत नाही.

जुन्या रेकॉर्डी तीनच मिनिटांच्या का?

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचीच रेघ मावते. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात आलाप, बंदिश, तान सगळं बसवावं लागे. काहींना ते साधलं, काहींना नाही, आणि ज्यांना साधलं तेच पुढच्या पिढ्यांना 'मोठे' म्हणून माहीत झाले. अमीर खाँसारख्या बढत करणाऱ्याला खरी जागा मिळाली ती लाँगप्ले आल्यावर. एका बाजूला वीस मिनिटं.

सगळं यूट्यूबवर मिळतं. मग घरून निघून कशाला यायचं?

यूट्यूबवर मीही ऐकतो. फरक असा की इथे दुसऱ्याने निवडलेलं गाणं शेवटपर्यंत ऐकावं लागतं, पुढे ढकलता येत नाही. एका कॉलेजातल्या मुलीने नाझिया हसन आणली होती, 'डिस्को दीवाने', १९८१. समोर बसलेल्या सत्तरीतल्या काकूंनी ती पूर्ण ऐकली. मग काकूंनी हिराबाई बडोदेकर लावली आणि मुलीने ती पूर्ण ऐकली. पुढच्या महिन्यात मुलगी हिराबाई शोधत आली.

फर्माईश करता येते का?

एक बाजू, आणि रेकॉर्ड स्वतः आणली तर. मोबाइलवरून आम्ही वाजवत नाही.

लहान मुलं चालतील?

हो. मागे सतरंजीवर बसतात, चित्रं काढतात. बाजू उलटायचं काम त्यांना द्यावं, फार जपून करतात.

काही खायला आणायचं का?

पोहे आमच्याकडे असतात, थंडीत गराडू (तळलेला कंद). बाकी काही नको. रेकॉर्डीजवळ तेलकट हात नकोत, तेवढं पाळा.

आमच्या घरी आजोबांच्या रेकॉर्डी पडून आहेत. काय करू?

कृपा करून रद्दीवाल्याला देऊ नका. माझ्या वडिलांच्या चाळीस कॅसेटी मी एका दुकानात सीडी करायला दिल्या होत्या. परत आल्या तेव्हा अकरा कोऱ्या होत्या. त्यात घरगुती मैफलींचं ध्वनिमुद्रण होतं, दुसरी प्रत कुठे नाही. तेव्हापासून माझा नियम आहे की वस्तू हातातून सोडायची नाही, समोर बसून काम करून घ्यायचं.

आधी बघा तबकडी कोणती आहे. जड, कडक, पडली तर काचेसारखी फुटणारी असेल तर ती ७८ ची, लाखेची. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावू नका, लाख विरघळते आणि गाणं जातं. मऊ ओलसर फडकं, रेघांच्या दिशेने गोल फिरवत, मग लगेच कोरडं. लवचीक असेल तर व्हिनाइल. तिला डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरतो. दोन्ही उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत तर मुळीच नकोत, आठवड्यात वाकतात. ७८ ची रेघ रुंद असते, तिला वेगळी जाड सुई लागते. आणि चावीच्या फोनोची लोखंडी पिन व्हिनाइलवर ठेवलीत तर ते त्या रेकॉर्डचं शेवटचं वाजणं असेल.

एवढं करून काय करावं सुचलं नाही तर जुन्या सुती साडीत गुंडाळून, उभ्या पिशवीतून दुसऱ्या रविवारी घेऊन या. आमच्याकडे दोन्ही सुया आहेत. आधी तुमची बाजू लावू.